खिडकीकडे कोण, दरवाजाकडे कोण

इतकी वर्षं मी सरांच्या शेजारच्या टेबलावर बसले, एकाच किटलीतला चहा प्याले, पण माझ्या एका तरी प्रश्नाचं त्यांनी सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ. "सर, घंटा झाली का?" असं विचारलं की मान तिरकी करून म्हणायचे, "तुम्हाला काय वाटतं?" आता घंटा झाली की नाही, यात वाटायचं काय आहे? पण सरांच्या लेखी जगात सांगण्यासारखं काही नव्हतंच, जे होतं ते सगळं ज्याचं त्याने शोधायचं.

एकदा नेवाशाच्या स्टँडवर एका म्हातारीने त्यांना विचारलं, "बाबा, नगरची गाडी गेली का रं?"

"मावशी, तुम्हाला काय वाटतं? फलाटावर माणसं किती उभी आहेत बघा. त्यावरून काय दिसतं?"

"मला काय दिसायचंय? मला काय यष्टी चालवायची हाय का? मुडद्या, गेली तर गेली म्हन, न्हाई तर न्हाई म्हन!"

हा किस्सा सरांनी स्वतःच स्टाफरूममध्ये येऊन सांगितला. म्हातारीचा मुद्दा पक्का होता, असंही म्हणाले. पण तिला गाडी मिळाली का, असं मी विचारलं तेव्हा पुन्हा मान तिरकी झाली. मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

सोनईच्या पुढच्या एका मोठ्या गावात आमचं ज्युनिअर कॉलेज आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, सर भौतिकशास्त्र शिकवायचे. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाचे खिसे कायम ओघळलेले, कारण त्यात गोट्या, दोरा, विजेरीचे बल्ब आणि एक लोहचुंबक असायचं. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनी म्हणायच्या, "यांचा शर्ट धुवायला घेतला की आधी टाचण्या वेचायला बसावं लागतं." लग्नानंतर पहिल्या काही दिवसांत त्यांनी विचारलं होतं, भाजीत मीठ कमी आहे का? सरांनी उलट विचारलं, तुला काय वाटतं? तेव्हापासून वहिनींनी विचारणंच सोडून दिलं. सरांना वाटलं, बायको स्वतः विचार करायला लागली.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल, आणि आम्ही नेतच होतो. पण वर्गात गेल्यावर याच खोडीचं काहीतरी वेगळंच व्हायचं.

भौतिकशास्त्राच्या वर्गाला एका अंगाला खिडक्या आणि दुसऱ्या अंगाला दरवाजा. सर आत आले की हजेरी नाही, फळा नाही. खिशातून दोन नाणी काढायचे. एक टेबलाच्या कडेवरून नुसतं खाली सोडायचं, दुसरं त्याच क्षणी पट्टीने आडवं उडवायचं. आधी खाली कोण पडेल? सरळ पडणारं आधी, असं ज्यांना वाटतं त्यांनी दरवाजाकडे जायचं. दोन्ही बरोबर पडतील असं वाटणाऱ्यांनी खिडकीकडे. मधे कोणी उभं राहायचं नाही. जागा निवडली की कारण सांगायचं. समोरच्याचं कारण पटलं तर बाजू बदलायची, त्यात लाज नाही. पण बदलतानाही कारण सांगायचं, हा नियम मात्र सगळ्यांत कडक.

मग जो गलका व्हायचा, त्याने माझ्या वर्गातली परीक्षानळी हालायची. "अरे, त्याला लांब जायाचंय, मंग टाईम लागंल ना!" "लांब जाऊ दे की, खाली तर तेवढंच यायचंय!" बाकं ओलांडून पोरं इकडची तिकडे जायची. सगळ्यांचं बोलून झालं की सर नाणी सोडायचे. फरशीवर एकच टक् व्हायचं.

"असं का झालं?" सर विचारायचे. तेवढ्यात घंटा व्हायची आणि हा माणूस पट्टी खिशात घालून खुशाल निघून जायचा.

"सर, आता तरी सांगा की!" पोरं व्हरांड्यात मागे धावायची.

"उत्तर म्हणजे झाकण," सर म्हणायचे. "ते लावलं की भांड्यात काय शिजतंय ते कोणी बघत नाही."

बरोबर किंवा चूक हे दोन शब्द त्यांच्या तोंडून वर्गात कोणी ऐकले नाहीत. कितीही नेमकं बोला, पुढचा शब्द एकच, "कारण?" कारण दिलं की "हं", आणि मग "आणखी कोणाला काय वाटतं?" पोरं शेवटी माझ्याकडे यायची. एकदा दया येऊन मी त्या नाण्यांचं सगळं समजावून सांगितलं. ते कळल्यावर सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते असं, "मॅडम, तुम्ही माझ्या शिजत्या भाताखालचा जाळ काढलात."

मला रागही यायचा आणि हेवाही वाटायचा. सरांचा अभ्यासक्रम कधी वेळेवर संपला नाही. जानेवारी उजाडला की आमचे तास मागायला यायचे. पण त्यांच्या तासाहून आलेला वर्ग माझ्या पुढ्यात बसला की माझी पंचाईत व्हायची, कारण ती पोरं दर वाक्याला "का?" म्हणायची आणि मला पुस्तकाचं पान उलटून पुढे जाता यायचं नाही.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचं मूळ गाव मिरजगावकडचं, घर ख्रिस्ती, वडील मास्तर. लहानपणी वडील रोज संध्याकाळी धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचे. प्रश्नही छापील, उत्तरही छापील. एक शब्द इकडचा तिकडे झाला की छडी. "एकदा मी वडलांना विचारलं," सर म्हणाले, "प्रश्न जर पुस्तकाचाच आणि उत्तरही पुस्तकाचंच, तर मग माझं काय काम आहे यात?" त्यावर वडलांनी काय केलं, हे मी विचारलं. सरांनी नुसता तळहात पुढे केला.

आता शिर्डीचं. ती सहल आमच्या गावात अजून निघते, म्हणजे बोलण्यात निघते.

सरांना पोरांना दाखवायचं होतं की लिफ्टमध्ये माणसाचं वजन बदलल्यासारखं वाटतं ते कसं. आमच्या गावात लिफ्ट कुठली? सगळ्यांत उंच इमारत म्हणजे सोसायटीचं गोदाम. मग सरांनी शैक्षणिक सहलीचा अर्ज टाकला आणि ठिकाण लिहिलं शिर्डी. प्राचार्य खूश, पालक त्याहून खूश. आयांनी पोरांजवळ नारळ दिले. गाडीत सरांच्या मांडीवर घरात वजन करायचा तो चपटा वजनकाटा होता, पण कोणाला शंका आली नाही.

तिथे एका ओळखीच्या माणसामार्फत सरांनी एका हॉटेलची लिफ्ट मिळवली. एकेक पोरगं वजनकाट्यावर उभं राहायचं, बाकीची भिंतीला चिकटून आकडा बघायची. लिफ्ट वर निघाली की वजन वाढणार, असं सगळ्यांनीच आधी सांगितलं होतं. ते निघताना वाढलं. पण मधल्या मजल्यांवर काटा पुन्हा पहिल्या जागी आला, आणि थांबायच्या वेळी तर चक्क त्याच्याही मागे गेला. पोरांचा विश्वास बसेना. पुन्हा वर, पुन्हा खाली. खाली हारतुरे घेतलेले भाविक ताटकळले आणि हॉटेलचा रखवालदार ओरडला, "दर्शनाला आले का झोके घ्यायला?"

दुपारी सरांनी पोरांना विचारलं, आता रांगेला लागायचं की आणखी एका हॉटेलची लिफ्ट बघायची, ती जास्त वेगाची आहे? पोरांनी लिफ्ट निवडली. हात वर करून, कारणं देऊन निवडली. नारळ तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात पालकांची ही गर्दी. "शिर्डीला जाऊन बाबांचं दर्शन न्हाई, आन लिफ्ट बघून आली व्हय?" एवढ्यावर थांबलं असतं तर मीही हसले असते. पण गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, सर त्या धर्माचे, मुद्दामच केलं असणार. हे वाक्य गावात पसरायला वेळ लागला नाही. ज्या माणसाने पोरांना विचारल्याशिवाय गाडी वळवली नव्हती, त्याच्यावर हा आळ. त्या पालकांपैकी काहींची पोरं पुढे भौतिकशास्त्राच्याच जोरावर इंजिनिअर झाली, आणि आता नारळ फोडायला शिर्डीला स्वतःच्या गाडीने जातात.

तरीही सर टिकले. त्यांचा घात झाला तो विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावाचे साहेब. साखर कारखानाही त्यांच्याच ताब्यात. उसाच्या गाड्यांचं ज्या काट्यावर वजन होतं, तो काटा कसा मारतात याबद्दल आमच्याकडे टपरीवर काय बोललं जातं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या सरांना. त्यांना काटा म्हटलं की स्प्रिंग दिसायची.

उद्घाटनाला सभागृह भरलेलं. फीत कापून झाल्यावर सरांनी टेबलावर किराणा दुकानातला वजनकाटा ठेवला, समोर मोठी तबकडी असलेला. त्यावर छोटी बादली, अर्धी पाण्याने भरलेली. हातात दोरीला बांधलेला दगड.

"हा दगड मी पाण्यात सोडणार," सर म्हणाले, "पण तळाला टेकू देणार नाही. दोरी माझ्या हातात राहील. काटा पुढे सरकेल का? नाही म्हणणाऱ्यांनी दरवाजाकडे जा. हो म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे. साहेब, तुम्हाला काय वाटतं?"

मी डोळे मिटून घेतले. साहेबांना या गावात कोणी प्रश्न विचारत नाही. पण साहेब त्या दिवशी खुशीत होते. "दगुड तुमच्या हातात हाय. मंग काटा कशाला सरकंल?" असं म्हणून ते हसत दरवाजाकडे गेले.

आणि मग सगळं सभागृह उठलं. संचालक गेले, प्राचार्य गेले, पालक गेले. आमचे गणिताचे सर खिडकीकडे निघाले होते, ते वाटेत चप्पल नीट केल्यासारखं करून वळले. दरवाजाशी चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. खिडकीशी उरली सरांची चार-सहा पोरं, आणि त्यांच्या पुढे कोमल.

कोमल ही अकरावीतली मुलगी. वडील कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. सरांच्या तासाला सगळ्यांत जास्त भांडणारी हीच, आणि "सर, एकदा तरी सांगा, बरोबर का चूक," असं रडकुंडीला येऊन विचारणारीही हीच.

"कारण?" सरांनी तिला विचारलं.

"सर, पाणी दगडाला वर ढकलतंय. तर दगडपण पाण्याला खाली ढकलणार. ते बादलीला कळणार, बादलीचं काट्याला कळणार."

"हं," सर म्हणाले. "आणखी कोणाला काय वाटतं?"

मी पोरीचा चेहरा बघितला. भरल्या सभेत साहेबांच्या समोर उभं राहून ती इतकं नेमकं बोलली होती. त्या दिवशी या माणसाने एक शाब्बासकी खर्च केली असती तर त्याचं काय गेलं असतं? पण नाही. त्यांनी दगड पाण्यात सोडला. काटा सरकला. चांगला ठळक सरकला, मागच्या रांगेतल्यांनाही दिसला.

तेवढ्यात मागून एका शेतकऱ्याचा आवाज आला, "आरं तिच्या! म्हंजी हात न लावताबी काटा हालतो व्हय?"

जो हशा पिकला तो आवरता आवरेना. पोट धरून हसत होते लोक, दरवाजाकडचेच लोक. साहेबही हसले. पण मी जवळ उभी होते, त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावून समजावलं, साहेबांकडे जाऊन नुसतं चुकलो म्हणा, विषय संपेल. मीही स्टाफरूममध्ये हात जोडले. "सर, दोन शब्दांचा प्रश्न आहे."

"पण काय चुकलं?" ते खरोखर गोंधळले होते. "मॅडम, काटा सरकला ना?"

त्यांना गावातलं बोलणं मी उलगडून सांगितलं. ऐकून ते लोहचुंबकाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तसं असेल तर साहेबांनी माझ्यावर का चिडावं?" मी कपाळाला हात लावला. असला माणूस शहाणा म्हणावा की बावळट, हे मला आजही ठरवता येत नाही. माफी मागायला ते गेले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात नगरच्या एका बड्या क्लासशी आमच्या संस्थेचा करार व्हायचं चाललं होतं. पोरांची नावं आमच्या हजेरीपटावर, पोरं मात्र क्लासच्या हॉलमध्ये. तिथे प्रश्नसंच, तिथेच उत्तरं, आणि प्रात्यक्षिकाचे गुण सालाबादप्रमाणे हात सैल सोडून. हल्ली सगळीकडे हेच चालतं, आपल्याकडेच नवल नाही. सर मात्र म्हणत होते, मी शिकवीन, माझी तुकडी मला राहू द्या. बारावीला येणारी ती पोरं त्यांना हवी होती. दुसरं काही त्यांनी संस्थेकडे कधी मागितलंच नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. सरांची बदली झाली. संस्थेच्या पूर्वेकडच्या एका शाखेत, जिथे विज्ञान शाखाच नाही. तिथे ते पर्यावरण शिकवतात, ज्याला पोरं येत नाहीत आणि ज्यात कोणी नापास होत नाही. इथे त्यांच्या वर्गात आता मोडकी बाकं रचली आहेत, नेमकी खिडक्यांपाशी. त्यामुळे खिडक्या उघडता येत नाहीत. नव्या शिपायाला मी बाकं हलवायला सांगितली तर म्हणतो, "मॅडम, तिथं बसतंय कोन?" गावच्या चौकात क्लासचा फ्लेक्स लागला आहे. त्यावर कोमलचा फोटो आहे, खाली क्लासच्या संचालकांचे आभार आहेत. जाता-येता तो दिसतो आणि माझं तोंड कडू होतं.

पण हे सगळं झालं त्या एका सभेमुळे, आणि सरांची आठवण म्हटली की मला तीच दिसते.

पालक आणि विद्यार्थी, सगळ्यांना त्याच सभागृहात बोलावलं होतं. क्लासचा टाय लावलेला माणूस पडद्यावर गुणवंतांचे फोटो दाखवून बसला. मग साहेब उठले. त्यांनी काहीही विसरलेलं नव्हतं.

"आपल्याकडं जबरदस्ती न्हाई," ते म्हणाले. "आपन सरांच्याच पद्धतीनं ठरवू. ज्या पोरांना क्लास पायजे त्यांनी दरवाजाकडं व्हा. ज्यांना सर पायजेत त्यांनी खिडकीकडं. आन ऐका, खिडकीशी एक जरी पोरगं ऱ्हायलं, तरी सरांची तुकडी चालू ठिवतो. शब्द हाय आपला."

सर भिंतीशी उभे होते. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी आनंदच झाला. त्यांना ही पद्धत आवडायचीच. शिवाय एकच तर पोरगं हवं होतं.

पोरं उठली. आईबापांकडे बघत, एकमेकांना चिकटून, बहुतेक सगळी दरवाजाकडे गेली. पाच-सात जण खिडकीशी गेले, पण त्यांना समोरून हाका येऊ लागल्या. "ए, इकडं ये गुमान." एकेक गेला. कोणी कारण सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही.

शेवटी खिडकीशी कोमल एकटी उरली. तिचे वडील दरवाजाच्या गर्दीत मान खाली घालून उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, खूणही केली नाही. साहेब मिशीवरून हात फिरवत राहिले. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, थांब पोरी, अशीच थांब.

तिने बाकावरची पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि चालायला लागली. सभागृहाच्या मध्यावर आली तेव्हा सर पहिल्यांदा बोलले.

"कारण?"

ती थांबली. मला वाटलं, आता वडलांचं नाव घेईल, कारखान्याची नोकरी म्हणेल. तसं म्हणाली असती तर मला साहेबांना पोटभर शिव्या देता आल्या असत्या आणि आज मी हे लिहायला बसले नसते.

"सर," ती म्हणाली, "तिकडं उत्तर सांगत्यात. बरोबर आलं तर बरोबर म्हनत्यात."

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं, आणि ते फक्त त्या मुलीकडे. "आणखी कोणाला काय वाटतं?" असं ते विचारतील म्हणून मी वाट बघत होते.

"बरोबर आहे," सर म्हणाले.

पोरीचा चेहरा क्षणभर उजळला. मग ती दरवाजाकडे गेली.